सह्याद्रीचा उठावाचा नकाशा: घाटात गाडी चालवलेल्या माणसाचा अभिप्राय

चार फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तीन तुकड्यांत येणारा फायबरचा सह्याद्री. उत्तरेला बागलाणातला साल्हेर, दक्षिणेला गोव्याच्या हद्दीवरचा चोर्ला घाट, डाव्या हाताला अरबी समुद्र, उजव्या हाताला नाशिक, पुणे, सातारा, कोल्हापूर. एका सेंटिमीटरात पाच किलोमीटर बसवले आहेत. उंची मात्र पाचपट वाढवली आहे आणि ते बरोबरच केलं आहे. नाहीतर १६४६ मीटरचं कळसूबाई जेमतेम तीन मिलिमीटर भरलं असतं, हाताला लागलंही नसतं. आता ते दीड सेंटिमीटरच्या वर आहे. किंमत सहा हजार आठशे, सोबत चाळीस पानांची माहितीपुस्तिका. पुण्यातल्या एका लहान कार्यशाळेत हे नकाशे साच्यातून काढून हातानं रंगवतात.

मी एसटीचा निवृत्त चालक. मूळचा पाटण तालुक्यातला, नोकरी बहुतेक महाड आगारात. वरंध, आंबेनळी, ताम्हिणी, कुंभार्ली हे घाट माझ्या हातापायांना पाठ आहेत. म्हणून नकाशा आल्या आल्या मी पुस्तिका बाजूला ठेवली आणि आधी बोट फिरवून बघितलं, की मला माहीत असलेला डोंगर यात आहे का. आहे.

शाळेच्या नकाशात सह्याद्री म्हणजे समुद्राला समांतर काढलेली एक केसाळ रेघ. ती बघून मुलांना वाटतं की डोंगर म्हणजे इकडून चढ आणि तिकडून उतार. ज्यानं घाटात गाडी चालवली आहे त्याला विचारा. भोर सोडलं की रस्ता नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेनं जातो. चढण आहे, पण बेताची, गाडी फारशी कुरकुर करत नाही. मग वाघजाईचं देऊळ येतं, भज्यांच्या टपऱ्या येतात आणि तिथे समोर जमीनच संपते. खाली खोल दरी, पलीकडे शिवथरचा मुलूख आणि त्याच्याही खाली कुठेतरी महाड. तिथून पुढे सगळा दुसऱ्या गियरचा कारभार. महाडहून वर येताना नेमकं उलटं. इंजिन तापवत वर यायचं, आणि वर आल्यावर पलीकडे उतार नाहीच. देश तिथेच सुरू होतो, त्याच उंचीवर.

सह्याद्री ही पठाराची तुटलेली कड आहे, ही गोष्ट हा नकाशा पहिल्या स्पर्शात सांगतो. उजवीकडून बोट आणलं तर ते हळूहळू वर सरकत येतं आणि एकदम खाली पडतं. डावीकडून नेलं तर कोकणात थोडंसं वरखाली होतं आणि मग सरळ भिंतीला अडतं. माझी नात सहावीत आहे. तिनं हे एकदा केलं आणि कोकणातल्या नद्या आखूड का, देशावरच्या लांब का, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी समुद्रापासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास, म्हणजे इथे सोळा सेंटिमीटर. तिथे उगम पावलेली गोदावरी मात्र समुद्राकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. महाबळेश्वरची कृष्णा तशीच. तिच्याच शेजारी उगम पावणारी सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि आमच्या महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. कुठल्या कुशीला पडलो एवढ्यावर थेंबाचं सगळं नशीब ठरतं.

या कडेचं कारण पुस्तिकेत चांगलं मांडलं आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहत आला, निवला, त्यावर पुन्हा आला. असे थरावर थर बसत गेले. पश्चिमेकडची जमीन तुटली, खचली, झिजली आणि कडा मागे मागे, पूर्वेकडे सरकत आला. घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या दरडी मी वर्षानुवर्षं जवळून बघितल्या. काळा कठीण कातळ, मग मध्येच विटकरी रंगाचा मऊ पट्टा, परत कातळ. त्या लाल पट्ट्यांबद्दल पुस्तिकेत वाचलं आणि फार बरं वाटलं. दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरचा दगड कुजून माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. म्हणजे ज्या पट्ट्याकडे बघून आम्ही म्हणायचो, ‘इथून पावसाळ्यात माती येणार, गाडी लांबून काढ,’ तो एके काळी उघड्या आकाशाखालची जमीन होता.

आता घाट. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथे. नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत ती भिंत बोटानं चाचपत गेलं की ठिकठिकाणी खाचा लागतात आणि प्रत्येक खाचेत इतिहास आहे. कल्याणवरून बोट सरळ पूर्वेला सरकवा. अकरा-बारा सेंटिमीटरवर जी खाच लागते तो नाणेघाट. सोपारा-कल्याणला उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरला आणि तिथून पुढे पैठणला, सातवाहनांच्या राजधानीला जायचा. घाटातल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. केलेले यज्ञ आणि दिलेली दानं त्यात आकड्यांसकट कोरली आहेत: गायी, हत्ती, घोडे, कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी. राजघराण्याच्या मूर्ती गेल्या, आता पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी राहिली आहेत. माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकात गोळा होत असे असं सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वी एका घराण्यानं आपली नावं राजधानीच्या वेशीवर न कोरता या अवघड वाटेत कोरली. माल कुठून येतो आणि राज्य कशावर चालतं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिथून खाली या, बोरघाटाला. इथे पुस्तिकेनं चार पानं दिली आहेत आणि ती वाचण्यासारखी आहेत. १८३० साली इंग्रजांनी गाडीरस्ता केला. मग १८५६ ला रेल्वेचं काम निघालं आणि १८६३ ला घाटातून गाडी सुरू झाली. चढ किती, तर सदतीस फुटांना एक फूट. रस्त्यावर हा चढ काहीच नाही, पण रुळावर लोखंडी चाकानं तो चढायचा म्हणजे काय, हे जड वाहन चालवणाऱ्याला कळतं. अजूनही कर्जतला गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात ती त्याच चढामुळे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, कंत्राट पुरं करून दाखवलं. हे सगळं पुस्तिकेत आहे. जे नाही ते मला खटकलं. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर या घाटात राबत होते आणि त्यांतले हजारो पटकीनं, तापानं, सुरुंगानं, कड्यावरून पडून गेले. त्यांच्यासाठी एक ओळही नाही. शिंग्रोबाचाही उल्लेख नाही. इंग्रजांना घाटाची वाट धनगरानं दाखवली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितलं तेव्हा त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. ती कागदोपत्री सापडो न सापडो, त्या देवळापाशी नाणं वाहिल्याशिवाय जुना ड्रायव्हर घाट उतरत नाही. मीही कधी उतरलो नाही. घाटाच्या इतिहासात हे यायला हवं. पुढच्या आवृत्तीत घालावं, असं मी कार्यशाळेला लिहून कळवलं आहे.

जावळी मात्र सुरेख उतरली आहे. महाबळेश्वरचं पठार, त्याच्या पश्चिमेला एकदम पडलेलं ते खोल दाट खोरं आणि मधोमध उठलेला प्रतापगड. आंबेनळीनं पोलादपूर ते महाबळेश्वर रस्त्यानं चाळीसेक किलोमीटर आहे, नकाशावर मात्र दोन्ही गावं चार सेंटिमीटरवर. एवढ्या जागेत तेराशे मीटरचा फरक. १६५९ साली अफजलखान वाईहून निघून रडतोंडीच्या घाटानं खाली पार या गावी आला. इतिहासाच्या पुस्तकात आपण ते एका वाक्यात वाचून जातो. इथे वाईवर बोट ठेवा, पठारावरून न्या आणि खाली जावळीत सोडा. महाराजांनी त्याला कुठे ओढून आणला होता ते तिथे बोटाला कळतं. भोवती सगळी भिंत. एवढं लष्कर त्या खोऱ्यात उतरू शकतं, पण घाईनं परत वर येऊ शकत नाही. मोठी गाडी अरुंद घाटात मागे घ्यावी लागलेल्या माणसाला यातलं मर्म जास्त समजतं. सव्वा वर्षानं, १६६१ ला, मोगल सरदार कारतलबखानाची फौज लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यावरून उंबरखिंडीत उतरली, तिचंही तेच झालं. उंबरखिंड नकाशावर ठिपक्यानं दाखवली आहे, याचा आनंद झाला.

रायगडाचंही सांगितलं पाहिजे. पायथ्याच्या गावांना गाड्या नेल्या म्हणून मला तो ओळखीचा, पण नकाशात एक गोष्ट जास्त स्पष्ट झाली. रायगड मुख्य कड्याचा भाग नाही. काळ नदीच्या खोऱ्यानं तो त्यापासून सुटा केला आहे. ८२० मीटर म्हणजे इथे आठ मिलिमीटरचा ठोकळा, भिंतीपुढे एकटा उभा. कळसूबाईही ऐन धारेवर नाही, पूर्वेकडे फुटलेल्या फाट्यावर आहे. असेच फाटे पुढे हरिश्चंद्र-बालाघाट आणि शंभू महादेवाच्या रांगा होऊन देशात शिरतात आणि गोदावरी, भीमा, कृष्णा यांची खोरी वेगळी करतात. पण नकाशाची उजवी कड लवकर संपते, त्यामुळे या रांगांची फक्त सुरुवात दिसते. अर्धा फूट रुंदी वाढवली असती तर बरं झालं असतं.

माझे एक मित्र कितीतरी वर्षं माझ्या गाडीवर वाहक होते. मधुमेहानं त्यांची नजर गेली. ते घरी आले तेव्हा नकाशा भिंतीवरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. काही न सांगता त्यांनी महाबळेश्वर शोधलं, तिथून दक्षिणेला उतरणाऱ्या लांब सरळ खोऱ्यात बोट घातलं आणि म्हणाले, “ही कोयना.” सह्याद्रीतल्या बहुतेक मोठ्या नद्या उगमापासून पूर्वेची वाट धरतात. कोयना कड्याला समांतर साठ-पासष्ट किलोमीटर दक्षिणेला येते आणि हेळवाकला वळून कऱ्हाडला कृष्णेला भेटते. त्यांचं बोट बरोबर हेळवाकला वळलं. “आणि इथून डावीकडे कुंभार्ली,” असं म्हणून त्यांनी चिपळूण गाठलं. पण दुसऱ्यांदा वर जाताना ते मध्ये थांबले, कारण तिथे खोरं हाताला सपाट लागत होतं. तो कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. त्यांना मी ते सांगितलं. आमचं जुनं गावही त्या पाण्याखाली आहे, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

धरण झालं तेव्हा मी जन्मलो असेन-नसेन. आमच्यासारखी कितीतरी गावं उठली, कुणी कोकणात गेलं, कुणी सोलापूर-सांगलीकडे. बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी बोगद्यानं पोफळीला खाली सोडून वीज करायची आणि मग वाशिष्ठीतून अरबी समुद्राला द्यायचं, ही युक्ती त्या कड्याच्या उंचीवरच उभी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी मरेपर्यंत सांगितला. या नकाशात जलाशयाचा तळ दाखवलेला नाही, पाण्याची पातळीच दाखवली आहे. तसं करणं साहजिक आहे. पण बुडालेलं खोरं दाखवणारा एखादा वेगळा तुकडा कुणी केला तर आमच्यासारखे लोक तो जरूर विकत घेतील.

या भेटीत एक त्रुटी लक्षात आली. नकाशावरची नावं छापलेली आहेत, उठावाची नाहीत. निदान दहा-बारा मोठ्या ठिकाणांना ब्रेल पट्ट्या लावता येतील. अंध मुलांच्या शाळेत असा नकाशा पोचला तर त्याची खरी किंमत कळेल. डोळसांना भूगोलाचे नकाशे हवे तेवढे मिळतात, त्या मुलांना फार थोडे.

रंगाबद्दल सावध राहा. कमी उंचीला हिरवा, मग पिवळा, मग तपकिरी, अशी रीत आहे. तो रंग उंचीचा, झाडीचा नाही, हे मुलांना आधी सांगून ठेवा. नाहीतर त्यांना महाबळेश्वर, कोयनेचं जंगल, कास पठार हे सगळं ओसाड वाटेल. खरं म्हणजे २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा ठरल्या, त्यांतल्या महाराष्ट्रातल्या चारही, म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी, याच तपकिरी पट्ट्यात येतात. पाऊस तर रंगात कुठेच येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास आणि तिथून पाच सेंटिमीटर उजवीकडे वाईला सात-आठशे. आषाढात वाईपाशी वायपर बंद करून गाडी चालवलेली आहे आणि त्याच फेरीत वर दिवसा दिवे लावून. पुस्तिकेत पावसाचा एक वेगळा छोटा नकाशा आहे, तो मोठा करून भिंतीवर शेजारी लावला तर कामाचा आहे.

बाकी तक्रारी थोडक्यात. वरचा थर फार चकचकीत आहे, ट्यूबलाइटखाली अर्धा नकाशा दिसत नाही. खिडकीसमोर लावू नका. तीन तुकड्यांच्या सांध्यात माझ्याकडे ताम्हिणीपाशी बारीक फट राहिली. मागचे हूक हलके आहेत, मी सुताराकडून पट्टी मारून घेतली. घाटांची नावं जवळजवळ फक्त मोटाररस्त्यांची आहेत. मोटाररस्ते कालचे. शेवत्या, मढे, बोराट्याची नाळ, कुसूर या पायवाटांनी माणसं मीठमिरची डोक्यावर घेऊन पिढ्यान्‌पिढ्या वरखाली करत होती. त्यांची नावं नसतील तर कोकण आणि देश यांचं नातं अर्धंच कळतं.

एक ठिपका मी स्वतः रंगवला आहे. डिंभे धरणाच्या वर, माळीणचा. ३० जुलै २०१४ ला पहाटे-सकाळी धो धो पावसात डोंगराचा भाग सुटून गावावर आला, दीडशेच्या आसपास माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे सगळ्यात आधी लक्षात आलं ते एका एसटी चालकाच्या. रोजचा रस्ता, रोजचा थांबा, आणि त्या दिवशी समोर नुसता चिखल. आमच्या माणसानं ती खबर दिली. नकाशा विकत घेणाऱ्यानं डोंगराची उंची, किल्ले, लढाया बघाव्यातच, पण त्या उतारांवर आज राहणारी गावंही बघावीत. माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही दरडीखाली गेलेल्या गावांची नावं छापील नकाशात यायला हवीत.

घ्यावा का? शाळांनी नक्की घ्यावा, आणि काचेच्या कपाटात न ठेवता मुलांच्या हातात द्यावा. फायबर पक्कं आहे, आमच्याकडे शेजारपाजारची सगळी पोरं बोटं फिरवून गेली, रंग अजून गेलेला नाही. ट्रेकला जाणाऱ्यांना वाटा शोधायला याचा उपयोग नाही, त्यासाठी मोठ्या प्रमाणाचा नकाशाच लागेल. घरात लावायचा असेल तर खांद्याच्या उंचीवर लावा, शोभेसाठी उंच टांगू नका.

मी कार्यशाळेला फोन करून चोर्ल्याच्या पुढचं विचारलं. हा डोंगर कन्याकुमारीपर्यंत सोळाशे किलोमीटर जातो आणि आपल्या हाताशी आलेला तुकडा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त आहे. गोव्यापाशी आपला काळा कातळ संपत येतो आणि पुढे फार जुने दगड सुरू होतात. केरळातलं आनमुडी २६९५ मीटर, म्हणजे याच प्रमाणात जवळपास पावणेतीन सेंटिमीटर. आणि मला सगळ्यात जास्त बघायची आहे ती पालघाटची खिंड, जिथे ही भिंत तीस-चाळीस किलोमीटर चक्क नाहीच. घाट न चढता पलीकडे जायचं, हे मी आयुष्यात कधी अनुभवलेलं नाही. दक्षिणेच्या तुकड्यांचे साचे करायला घेतले आहेत असं ते म्हणाले. मी नाव नोंदवून ठेवलं आहे. आणखी दोन मीटर भिंत लागेल, म्हणून बैठकीतलं लोखंडी कपाट आतल्या खोलीत हलवायचं ठरलं आहे.